डेक्कन कॉलेजातील संशोधनकार्य : मोजमापाचा एक प्रश्न

विद्यापीठांच्या वार्षिक अहवालांत 'अध्यापकांचे विद्वत्कार्य' या मथळ्याखाली एक यादी असते. कोणी कोणते ग्रंथ लिहिले, कोणत्या परिषदेत निबंध वाचला, कोणास कोणता सन्मान लाभला, याची ती नोंद होय. अशी यादी अवश्य असावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु संस्थेच्या विद्वत्कार्याचे माप या यादीने पुरे पडते काय, हा प्रश्न निराळा आहे. प्रस्तुत लेखात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विद्यार्थिसंख्येच्या व विषयांच्या दृष्टीने ही संस्था लहान आहे. पुरातत्त्व, भाषाविज्ञान आणि संस्कृत व कोशविद्या एवढाच तिचा मुख्य विस्तार. म्हणूनच तिच्या कार्याची घडण न्याहाळणे सोपे जाते.

संस्थेचा पूर्वेतिहास सर्वपरिचित आहे. १८२१ साली स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेतून हे महाविद्यालय वाढले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीने येरवड्याची इमारत उभी राहिली आणि १८६८ साली महाविद्यालय तेथे गेले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, राजवाडे अशी नावे त्याच्या विद्यार्थिपटावर आढळतात. पुढे १९३४ साली सरकारने काटकसरीच्या सबबीवर महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी देणगीच्या हेतूकडे बोट दाखवून न्यायालयात दाद मागितली, आणि अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर संशोधनसंस्थेच्या रूपाने पुन्हा उघडले. १९९० साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९३९ नंतरच्या पहिल्या पिढीची यादी करावयाची झाल्यास ती कोणत्याही मोठ्या विद्यापीठास भूषणावह ठरेल. सुमित्र मंगेश कत्रे यांनी भाषाविज्ञानाचा पाया घातला. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी पुरातत्त्वाची शाखा उभारली. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा पानिपतावरील इंग्रजी प्रबंध १९४६ साली, मधुकर अनंत मेहेंदळे यांचे कोरीव लेखांतील प्राकृतांचे ऐतिहासिक व्याकरण १९४८ साली, आणि इरावती कर्वे यांचा भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. हे सर्व ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडले जातात. यादीत जे बसते, ते एवढे. आता यादीत जे बसत नाही त्याकडे वळू.

१९४८ साली कत्रे यांच्या योजनेनुसार ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. या पद्धतीचा कोश शब्दाचा केवळ अर्थ सांगून थांबत नाही. शब्द प्रथम कोठे आढळतो, पुढे कोणकोणत्या ग्रंथांत कोणत्या छटेने येतो, हे तो कालक्रमाने दाखवितो. त्यासाठी ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार संस्कृत ग्रंथ निवडण्यात आले. वाचकाने ग्रंथ वाचावयाचा, त्यातील शब्द वेचावयाचे, प्रत्येक शब्दासाठी स्वतंत्र चिठ्ठी करावयाची, तीवर अवतरण व स्थलनिर्देश लिहावयाचा, आणि मग ती चिठ्ठी वर्णक्रमाने कपाटातील खणात ठेवावयाची, असा हा क्रम होता. शब्दवेचणीचे हे काम सुमारे पंचवीस वर्षे चालले. त्यातून जमलेल्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते.

या चिठ्ठीचे मोल काय, हे एका शब्दावरून स्पष्ट होईल. 'असुर' हा शब्द ऋग्वेदाच्या प्राचीन भागात वरुणासारख्या देवतांचे विशेषण म्हणून येतो; तेथे त्याचा अर्थ सामर्थ्यवान, स्वामी असा आहे. पुढे तो देवांच्या शत्रूंस लागू झाला. त्यानंतर बोलणाऱ्यांनी त्यातील आद्य 'अ' नकारार्थी मानला, आणि जो मुळात नव्हता तो 'सुर' शब्द देव या अर्थाने उत्पन्न झाला. अर्थाचा हा प्रवास एका ग्रंथावरून कळत नाही. निरनिराळ्या काळच्या ग्रंथांतील चिठ्ठ्या एकाशेजारी एक मांडल्या म्हणजेच तो दिसू लागतो. प्रत्येक चिठ्ठी एकटी क्षुल्लक आहे, पण ती चुकली तर साखळीतील दुवा निखळतो. कालनिर्देश चुकीचा पडला, तर अर्थविकासाची दिशाच उलटी भासावयाची.

कोशाचा पहिला भाग अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली निघाला. १९४८ ते १९७६ या अठ्ठावीस वर्षांच्या अहवालांत कोशाच्या सदराखाली प्रसिद्ध ग्रंथ म्हणून काय दाखवावयाचे होते? ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षे शब्दवेचणीत घालविली, त्यांचे कार्य कोणत्या रकान्यात लिहावयाचे? चिठ्ठीवर अवतरण असते, ग्रंथाचे नाव असते. लिहिणाऱ्याची ओळख पटते ती बहुधा अक्षरावरूनच.

या कोशाविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो टाळणे योग्य नव्हे. २०२० सालच्या सुमारास पस्तीस खंड होऊनही शब्दक्रम 'अ' या वर्णाबाहेर गेलेला नव्हता. हे ऐकून हसणाऱ्यांनी संस्कृतची शब्दरचना ध्यानात घ्यावी. नकारार्थी 'अ' व 'अन्', तसेच अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्ग, या साऱ्यांचे शब्द याच वर्णाखाली येतात. त्यामुळे 'अ' हा कोशाचा असाधारण मोठा विभाग आहे. तथापि एवढ्याने आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मराठीत य. रा. दाते, चिं. ग. कर्वे प्रभृतींनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या अल्पावधीत पुरे केले. त्यांचे उद्दिष्ट निराळे व क्षेत्र मर्यादित होते; पण कोश हा वापरणाऱ्याच्या हयातीत हाती पडावा, ही अपेक्षा काही गैर नाही. ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्यांपैकी पुष्कळांना त्यांचे छापील रूप पाहावयास मिळाले नाही. दीर्घोद्योगाची ही किंमत आहे, आणि तिचा गौरव करताना ती विसरू नये.

पुरातत्त्वाच्या क्षेत्रातही हाच प्रकार दिसतो. जोर्वे, नाशिक, नेवासे, नर्मदाकाठचे नावडातोली या १९५० नंतरच्या दशकातील उत्खननांनी दख्खन व माळव्यातील ताम्रपाषाणयुगाची ओळख पटविली. घोड नदीवरील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ असे दीर्घकाळ उत्खनन चालले आणि त्याचा सविस्तर वृत्तान्त १९८८ साली ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांच्या नावे प्रसिद्ध झाला. घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसे, प्रौढांचे घोट्याखाली तोडलेले पाय, बालकांसाठी तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन रांजण, जळालेले धान्य, जनावरांची हाडे, या सर्वांतून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतकरी गावाचे जीवन उभे राहिले. मुखपृष्ठावर तीन नावे आहेत. परंतु खापरे धुणारे, त्यांवर क्रमांक घालणारे, नकाशे काढणारे, छायाचित्रे घेणारे, माती चाळून दाणे वेगळे करणारे हात पुष्कळ होते. खापरावरील क्रमांक पुसला गेला की ते खापर कोणत्या थरातील हे कळण्याचा मार्ग बंद होतो. मग ते कितीही सुंदर असले तरी पुरावा राहत नाही.

याच संस्थेचे नाव अलीकडे ज्या संशोधनामुळे सर्वतोमुखी झाले, ते म्हणजे हरियाणातील राखीगढी. तेथील उत्खननात मिळालेल्या सांगाड्यांतून डी.एन.ए. मिळविण्याचा प्रयत्न झाला. एकसष्ट नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी एकाच व्यक्तीचा पुरेसा डी.एन.ए. हाती लागला. वसंत शिंदे व त्यांचे देशी-विदेशी सहकारी यांचा निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला. त्या व्यक्तीत गवताळ स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा वंशांश आढळत नाही, असा त्यातील एक निष्कर्ष होता. त्याच सुमारास 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या व्यापक अभ्यासात, ज्याच्या लेखकांपैकी काही जण उपर्युक्त निबंधाचेही सहलेखक होते, तो वंशांश इसवी सनापूर्वी सुमारे २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात आल्याचे प्रतिपादन होते. हे दोन्ही निबंध एकत्र वाचावयाचे असतात. वृत्तपत्रांत मात्र आर्यभाषांच्या उगमाचा वाद त्यामुळे कायमचा मिटला, अशा अर्थाचे मथळे झळकले. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने येथे नम्रपणे परंतु स्पष्टपणे सांगितले पाहिजे की हाडातून वंश कळतो, भाषा कळत नाही. भाषेचा प्रसार लोकांच्या स्थलांतराशी पुष्कळदा जोडलेला असतो, पण तो संबंध प्रत्येक वेळी स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करावा लागतो. एकसष्टांतून एक हाती लागावा, हे प्रमाणच त्या शोधाचे कष्ट व त्याची मर्यादा या दोहोंची जाणीव करून देते.

याउलट बोलींच्या अभ्यासाचा गाजावाजा होत नाही. घाटगे यांनी १९६३ पासून मराठी-कोंकणी परिसरातील बोलींची वर्णने क्रमाने प्रसिद्ध केली. कुडाळ, ठाणे जिल्ह्यातील वारली, केरळातील कासरगोड अशा स्थळांच्या बोली त्यांत आल्या. त्याच परंपरेत अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने डेक्कन कॉलेजच्या भाषाविज्ञान विभागाने सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली महाराष्ट्रातील बोलींचे नवे सर्वेक्षण केले. गावोगावी जाऊन लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावयाचे, ते अक्षरशः उतरवावयाचे, आणि शब्दरूपांचा प्रसार नकाशांवर दाखवावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की काही मिनिटांचे बोलणे बिनचूक उतरविण्यास कित्येक तास लागतात. उतरविणारा बहुधा विद्यार्थी किंवा प्रकल्पसहायक असतो. त्याने ऐकण्यात चूक केली, तर नकाशावरील रेषा चुकते.

चिठ्ठी, क्रमांक घातलेले खापर आणि उतरवून घेतलेले बोलणे, या तिहींत एक समान धर्म आहे. या वस्तू स्वतः सिद्धान्त नव्हेत. परंतु उद्याचा सिद्धान्त मांडणारा व तो खोडणारा, दोघांनाही त्यांच्याच आधाराची गरज लागणार आहे. सांकळियांचे काही निष्कर्ष आज बदलले आहेत, पुढेही बदलतील. थरवार नोंदलेली खापरे मात्र तशीच राहिली असल्यामुळे ते बदलणे शक्य झाले. लहान विद्यापीठ निबंधांच्या संख्येत मोठ्या विद्यापीठांची बरोबरी करू शकत नाही. एकाच प्रकारचे साधन दोन-तीन पिढ्या चिकाटीने जमविणे व सांभाळणे हे मात्र त्याला शक्य असते, आणि डेक्कन कॉलेजने ते केले आहे.

म्हणून संशोधनाच्या वार्षिक यादीत एका जादा रकान्याची सूचना करावीशी वाटते. वर्षभरात किती साधन जमले, किती तपासले गेले, किती जतन झाले, आणि ते कोणी केले, याची नावानिशी नोंद त्यात असावी. ग्रंथपाल, छायाचित्रकार, आरेखक, चिठ्ठ्या लावणारे, बोली उतरविणारे यांची नावे त्यात येतील. असा रकाना १९४८ पासून असता, तर चिठ्ठी लिहिणाऱ्याची ओळख आज अक्षरावरून पटवावी लागली नसती.