विद्युत् ऊर्जा, तोरणमाळ परिसरातील

महाराष्ट्र राज्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुडा पर्वतावर समुद्रसपाटीपासून सु. १,१५० मी. उंचीवर तोरणमाळचे पठार आहे. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी आणि पावसाळ्यात तीत कोसळणारा धबधबा यांमुळे हे स्थळ प्रसिद्ध आहे. उत्तरेकडील नर्मदा व दक्षिणेकडील तापी या नद्यांच्या दरम्यान सातपुडा हा जलविभाजक असल्यामुळे येथे पडणाऱ्या पावसाचे पाणी दोन्ही बाजूंस वेगाने उतरते. उंचावरील पाण्याच्या अंगी असणारी ही स्थितिज ऊर्जा विजेत कशी रूपांतरित होते, या प्रदेशात तसा प्रयत्न केव्हा झाला व त्याचे पुढे काय झाले, याचा इतिहास मोजक्या वर्षांचा असला, तरी ऊर्जास्रोतांच्या अभ्यासाच्या दृष्टीने तो उद्‌बोधक आहे.

तत्त्व : विद्युत् प्रवाह वाहत असलेल्या तारेजवळ चुंबकसूची धरल्यास ती विचलित होते, असे हॅन्स क्रिश्चन एर्स्टेड यांना १८२० मध्ये आढळून आले. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज मिळावी, या विचाराने मायकेल फॅराडे यांनी प्रयोग केले. तारेचे वेटोळे व चुंबक यांत सापेक्ष गती असेल तरच वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो, चुंबक नुसता जवळ ठेवून होत नाही, हे त्यांनी १८३१ मध्ये दाखविले. यालाच विद्युत् चुंबकीय प्रवर्तन म्हणतात [⟶ चुंबकत्व]. जनित्राचे कार्य याच तत्त्वावर चालते. जनित्र फिरविण्यासाठी लागणारी ऊर्जा वाफ, वारा किंवा पडते पाणी यांपैकी कशापासूनही घेता येते. सौर घटात मात्र प्रकाशापासून सरळ वीज मिळते व फिरणाऱ्या भागाची गरज पडत नाही.

वीज व चुंबकत्व यांच्या या नात्याचा व्यावहारिक प्रत्यय मुंबईत आला. कुलाबा येथील वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने घेतली जात होती. शहरात विजेवरील ट्राम सुरू करण्याचे ठरले, तेव्हा रुळांतून व जमिनीतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे नाजूक उपकरणांच्या वाचनांत दोष येणार, हे उघड होते. म्हणून अलिबाग येथे अचुंबकीय साहित्याची इमारत बांधून १९०४ मध्ये नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेऊन जुन्या व नव्या नोंदींचा मेळ घालण्यात आला. मुंबईत विजेवरील ट्राम १९०७ मध्ये धावू लागली.

महाराष्ट्रातील जलविद्युत् : सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत पावसाचे पाणी साठवून ते नळांवाटे ५०० मी.हून अधिक खाली खोपोली येथे सोडण्याची टाटा यांची योजना १९१५ मध्ये कार्यान्वित झाली आणि मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. त्यानंतर भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे उभी राहिली. स्वातंत्र्योत्तर काळात कोयना प्रकल्पातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. सर्व टप्पे मिळून त्याची स्थापित क्षमता १,९६० मेगॅवॉट झाली. राज्यात वीज पोहोचविण्यासाठी १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले. २००५ मध्ये निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी त्याच्या वेगळ्या कंपन्या करण्यात आल्या. सपाटीवरील गावांत तारा नेणे सोपे असते. अक्राणीसारख्या डोंगराळ भागात मात्र एकेका गावाचे पाडे दूरदूर विखुरलेले असून प्रत्येक पाड्यापर्यंत खांब व तारा नेण्याचा खर्च मोठा असतो. त्यामुळे सरपण व रॉकेल हेच तेथील अनेक घरांचे ऊर्जास्रोत दीर्घकाळ राहिले.

बिलगावचा प्रकल्प : अल्प प्रमाणात वाहणाऱ्या पाण्यापासूनही उपयुक्त वीज मिळू शकते. उदा., दर सेकंदास २०० लि. पाणी १० मी. उंचीवरून पडत असेल, तर त्यापासून सैद्धांतिक दृष्ट्या सु. १९·६ किलोवॉट शक्ती मिळते. टरबाइन व जनित्र यांतील व्यय वजा जाता, एकूण कार्यक्षमता ७५% धरल्यास, सु. १५ किलोवॉट हाती येते. अक्राणी तालुक्यातील बिलगाव येथे उदई नदीच्या पाण्यावर याच क्षमतेचा, म्हणजे १५ किलोवॉटचा, सूक्ष्म जलविद्युत् प्रकल्प २००३ मध्ये उभारण्यात आला. नर्मदा बचाव आंदोलन, केरळमधील तंत्रज्ञ व ग्रामस्थांचे श्रमदान यांच्या साहाय्याने तो साकार झाला आणि गावातील घरांत विजेचे दिवे लागले. मोठे धरण, लांब तारा वा इंधन यांपैकी कशाचीही त्यास आवश्यकता नव्हती.

त्याच काळात गुजरातमध्ये नर्मदेवर सरदार सरोवर धरणाची उंची वाढत होती. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार या प्रकल्पातील विजेचा २७% वाटा महाराष्ट्राचा असून ५७% मध्य प्रदेशाचा व १६% गुजरातचा आहे. नदीपात्रातील १,२०० व कालव्याच्या मुखाशी २५० मिळून १,४५० मेगॅवॉट एवढी त्याची क्षमता, म्हणजे बिलगावच्या सु. ९७ हजार पट आहे. या विजेसाठी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. धरणाची उंची १२१·९२ मी.पर्यंत नेण्यास २००६ मध्ये अनुमती मिळाली. त्याच वर्षी बिलगावचा प्रकल्प पाण्याखाली जाऊन बंद पडला. १३८·६८ मी. ही जलाशयाची पूर्ण पातळी २०१९ मध्ये गाठली गेली. तोरणमाळचे पठार या पातळीहून सु. १,००० मी. उंच असल्याने त्यास बुडिताचा धोका नव्हता; नर्मदाकाठच्या गावांना तो होता.

इतर स्रोत : शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभारण्यात आल्या, त्याच तालुक्यात १२५ मेगॅवॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. जेथे तारा नेणे अवघड आहे, अशा घरांसाठी केंद्र शासनाच्या २०१७ च्या सौभाग्य योजनेत २०० ते ३०० वॉट क्षमतेचा सौर संच व घटमाला देण्याची तरतूद होती. सौर संचाचे उत्पादन ढगाळ पावसाळ्यात घटते, तर ओढ्यांना भरपूर पाणी त्याच ऋतूत असते. म्हणून डोंगराळ प्रदेशात हे दोन स्रोत परस्परपूरक ठरतात.

बिलगाव व सरदार सरोवर यांत विद्युत् निर्मितीचे तत्त्व एकच होते. भेद प्रमाणाचा व वाटणीचा होता. मोठा प्रकल्प दूरच्या शहरांना व उद्योगांना सातत्याने वीज पुरवू शकतो. लहान प्रकल्प जेथे पाणी पडते, तेथेच दिवा लावतो. वीज किती निर्माण झाली, याबरोबरच ती कोणाच्या घरी पोहोचली आणि तिच्यासाठी कोणाची जमीन गेली, याचा हिशेबही कोणत्याही ऊर्जास्रोताच्या मूल्यमापनात धरावा लागतो.