एका पिंजऱ्यात दोन गवई

‘दोन कॅनरी एकाच पिंजऱ्यात ठेवले तर चालतील का?’ हे पक्षी पाळणारा प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतो. थोडक्यात उत्तर असं: दोन्ही नर असतील तर नको, आणि विणीच्या हंगामात तर मुळीच नको. पण मला या प्रश्नात रस आहे तो वेगळ्याच कारणानं. पाळीव कॅनरी म्हटलं की लहानसा पिंजरा आणि त्यात एकटाच गाणारा पिवळा पक्षी डोळ्यांपुढे येतो. हे चित्र निसर्गाचं नाही. ते बाजारानं तयार केलंय, आणि त्याला काही शतकं लागली.

मूळचा कॅनरी पिवळाधमक नसतोच. हिरवट-पिवळा, अंगावर तपकिरी रेघा, आकारानं चिमणीपेक्षा जरा लहान. अटलांटिक महासागरातली कॅनरी, मदेरा आणि अझोर्स ही बेटं त्याचं घर. बेटांचं नाव लॅटिनमधल्या ‘कुत्रा’ या शब्दावरून पडलं असं प्लिनीनं लिहून ठेवलंय, म्हणजे या गोड गळ्याच्या पक्ष्याच्या नावात कुत्रा दडलाय. (आपल्या कॅनरा बँकेशी याचा काही संबंध नाही, ते नाव कर्नाटकावरून आलं.) हिवाळ्यात हे पक्षी थव्यानं फिरतात. वसंतात जोड्या जमतात आणि नर आपली हद्द राखू लागतो. एकत्र राहणं आणि भांडणं हे दोन्ही त्यांच्या स्वभावात आहे. फक्त महिने वेगळे.

स्पेननं ही बेटं १४९६ पर्यंत पूर्ण जिंकली आणि पक्षी युरोपात येऊ लागले. पुढे इटलीत ते कसे पसरले याची एक गोष्ट ऑलिनाच्या १६२२ सालच्या पुस्तकामुळे गाजली: कॅनरी घेऊन जाणारं जहाज फुटलं आणि सुटलेले पक्षी एल्बा बेटावर जाऊन वसले. गोष्ट इतकी सुबक आहे की माझा तिच्यावर विश्वास बसत नाही.

एकट्या पक्ष्याचा पिंजरा खरा घडला तो जर्मनीतल्या हार्त्झ डोंगरात. सांक्ट आंद्रेआसबर्ग हे तिथलं चांदीच्या खाणींचं गाव. तिरोलमधून आलेल्या खाणकामगारांनी कॅनरी पाळण्याचा नाद सोबत आणला, आणि एकोणिसाव्या शतकात तो घरोघरचा जोडधंदा झाला. वीण व्हायची ती घरातल्या मोकळ्या जागेत. पण पिल्लांचे पहिले पीस झडून नवे आले की नर वेगळे काढायचे आणि हातभर जागाही नसलेल्या लाकडी पिंजऱ्यात एकेकटे ठेवायचे. वर अंधार करायचा, जवळ एक मुरलेला गवई ठेवायचा. कॅनरी ऐकून गाणं शिकतो, त्यामुळे अंधारात त्याचं लक्ष उस्तादाकडेच राहतं. यातून जो गायक तयार व्हायचा, तो ‘हार्त्झर रोलर’: चोच जवळजवळ मिटून, खालच्या स्वरात, सलग घोळवत गाणारा. तालीमच म्हणा ना, फक्त शागिर्दाला उठून जायची सोय नव्हती.

व्यापारी असे कितीतरी लहान पिंजरे एकावर एक रचून पाठीवर वाहून नेत. आल्फेल्ड गावच्या व्यापाऱ्यांनी ते पार न्यूयॉर्कला पोचवले. एक पिंजरा, एक नर, एक किंमत. मादी गात नाही म्हटल्यावर तिला भाव कुठला!

खाणीशी असलेलं नातं पुढे वेगळ्या वाटेनं परत आलं. १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ब्रिटिश कोळसा खाणींमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला. स्फोटानंतर वाचलेले कितीतरी लोक कार्बन मोनॉक्साइडनं मरतात हे त्यांनी दाखवलं आणि सोबत लहान प्राणी न्यायला सुचवलं. कॅनरीचा श्वास भरभर चालतो, त्यामुळे तो माणसाच्या आधी कोसळतो. १९११ पासून ब्रिटनमध्ये दर खाणीला दोन कॅनरी असत. काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची नळकांडीही जोडलेली असे, कारण कामगारांना आपला पक्षी मरू द्यायचा नव्हता. १९८६ मध्ये यंत्रं आली आणि पक्ष्यांना रजा मिळाली.

मग एकटा नर एवढा गातो तरी का? आपण त्याला आनंद म्हणतो. मला तो शब्द फसवा वाटतो. वसंतातलं गाणं म्हणजे एकाच वेळी मादीला हाक आणि दुसऱ्या नराला दम. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटेबोम यांनी दाखवलं की नर कॅनरीच्या मेंदूतले गाण्याचे भाग वसंतात वाढतात आणि नंतर आकसतात. दिवस मोठा झाला की संप्रेरकं चढतात, गळा मोकळा होतो, आणि त्याबरोबर भांडणही येतं. उघड्या रानात हरलेला नर उडून जातो. पिंजऱ्यात तो कोपऱ्यात जातो, तिथंही मार खातो, दाण्यापर्यंत पोचत नाही आणि काही दिवसांत मरतो. मालकाला वाटतं, आजारी पडला. आपल्याकडे घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट चालू असते. पक्ष्याच्या लेखी तोही लांबलेला दिवसच.

माद्या लांब-रुंद पिंजऱ्यात बहुधा एकत्र राहतात, पण घरट्यावरून त्याही पिसं उपटतात. बजरीगार (आपल्या बाजारात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जातो तो) कॅनरीसोबत ठेवूच नये; त्याच्या चोचीपुढे कॅनरीचे काडीसारखे पाय टिकत नाहीत. आणि दुकानदार ‘जोडी आहे’ म्हणाला तरी नर-मादी दिसायला जवळपास सारखेच, म्हणून आधी कोण गातं ते काही दिवस ऐकायचं.

खरीच जोडी असेल, तर इंग्लंडमधले जुने पाळणारे करत तसं करावं. मध्ये जाळीचा सरकता पडदा असलेला दुहेरी पिंजरा घ्यायचा, एकीकडे नर, दुसरीकडे मादी. सुरुवातीला तो नुसता ओरडतो. मग एखाद्या सकाळी तो जाळीतून चोच घालून तिला दाणा भरवतो आणि ती तो घेते. पडदा तेव्हा काढायचा.