जुन्या काँक्रीटचे सामर्थ्य : एका परीक्षेचा इतिहास

काँक्रीटचा इतिहास सामान्यतः निर्मितीच्या अंगाने लिहिला जातो. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 मध्ये घेतलेले पोर्टलंड सिमेंटचे पेटंट आणि 1892 मधील फ्रान्स्वा एनबिकचे प्रबलित काँक्रीटचे पेटंट हे त्यातील ठळक टप्पे होत. उभ्या असलेल्या वास्तूतील काँक्रीटमध्ये किती सामर्थ्य उरले आहे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ दुय्यम राहिला. त्याचे मूळ परीक्षेच्या रूढ पद्धतीतच सापडते.

डफ एब्रम्सने 1918 मध्ये पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण व सामर्थ्य यांतील संबंध मांडला. अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरवलेला घन दाबयंत्रात फोडून सामर्थ्य ठरविण्याची रीत ब्रिटनमध्ये आणि पुढे भारतातही रूढ झाली. परंतु साच्यात नीट ठासलेला हा घन मिश्रणाची गुणवत्ता सांगतो. तुळईत ते मिश्रण कसे भरले गेले, हे सांगत नाही. शिवाय काँक्रीट काळानुसार बळकटच होत जाते, असे या रीतीत गृहीत होते. पोर्टलंड सिमेंटच्या बाबतीत ते बहुतांशी खरे असल्याने पुन्हा तपासणी करण्याची निकड कोणास भासली नाही.

या गृहीताला तडा दिला तो उच्च-अ‍ॅल्युमिना सिमेंटने. फ्रान्समध्ये ज्यूल बिए याने 1908 मध्ये पेटंट घेतलेले हे सिमेंट चोवीस तासांतच बरेचसे सामर्थ्य प्राप्त करी. साचे लवकर मोकळे होत, म्हणून ब्रिटनमध्ये युद्धोत्तर काळात पूर्वप्रतिबलित तुळया घडविण्यासाठी त्याचा मोठा वापर झाला. तथापि त्यातील आरंभीचे स्फटिक अस्थिर असतात. उष्णता आणि ओलावा यांच्या योगाने त्यांचे अधिक घन रूपात परिवर्तन होते, काँक्रीट सच्छिद्र बनते आणि त्याचे सामर्थ्य घटते. अ‍ॅडम नेव्हिल याने 1963 मध्ये या धोक्याचे विवेचन केले होते. 1973 च्या जूनमध्ये लंडनमधील कॅमडेन येथील मुलींच्या शाळेच्या सभागृहाचे छत कोसळले. तेथे तुळयांना मिळालेला अपुरा आधार हेही एक कारण होते. पुढे 8 फेब्रुवारी 1974 रोजी स्टेपनी येथील एका शाळेच्या पोहण्याच्या तलावावरील छत कोसळले. त्या छतास दहा वर्षेही झाली नव्हती. ज्या घनांनी एकदा उत्तम निकाल दिला, त्यांची साक्ष आता निरुपयोगी ठरली होती.

तेव्हा खुद्द वास्तूलाच प्रश्न विचारणे भाग पडले. साधने अर्थातच अगोदर उपलब्ध होती. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिटचा उसळी हातोडा 1950 च्या सुमारास प्रचारात आला. ध्वनितरंगांचा वेग मोजण्याची पद्धतीही त्याच सुमारास कॅनडा व ब्रिटन येथे विकसित झाली. परंतु हातोडा पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतील कर्बवायूने कठीण झालेला असतो. त्यामुळे त्याचे उत्तर वास्तवापेक्षा अधिक येण्याचा संभव असतो. भारतीय मानक 13311 (भाग 2, 1992) हातोड्याच्या अंदाजात 25 टक्क्यांपर्यंत कमी-अधिक फरक संभवतो असे मानत असे. त्याच मानकाचा पहिला भाग सेकंदाला 4.5 किलोमीटरपेक्षा अधिक तरंगवेग उत्तम काँक्रीटचे, तर 3 किलोमीटरपेक्षा कमी वेग संशयास्पद काँक्रीटचे लक्षण मानत असे. हा वेग एकसंधतेचा निदर्शक होय. सामर्थ्याचा तो केवळ अप्रत्यक्ष पुरावा आहे.

अंतिम प्रमाण म्हणून वास्तूतून छिद्र पाडून काढलेला गाभाच फोडावा लागतो. भारतीय मानक 456 नुसार अशा गाभ्यांचे सरासरी सामर्थ्य अपेक्षित सामर्थ्याच्या 85 टक्के आणि कोणत्याही एकाचे 75 टक्के असल्यास काँक्रीट स्वीकारार्ह ठरते. ही सवलत शिथिलता नव्हे. साच्यातील काँक्रीट आणि वास्तूतील काँक्रीट या दोन भिन्न वस्तू आहेत, याची ती कबुली होय. उच्च-अ‍ॅल्युमिना काँक्रीटच्या बाबतीत तर छिद्रातील भुकटीचे उष्मीय पृथक्करण करून परिवर्तन किती झाले हेही पाहावे लागले.

गोव्यात मांडवी नदीवरील पूल 1986 च्या जुलैमध्ये कोसळला, तेव्हा खाऱ्या हवेत गंजलेल्या पोलादी तारांकडे लक्ष वेधले गेले. याचा अर्थ असा, की काँक्रीटचा आकडा समाधानकारक असला तरी वास्तू सुरक्षित आहे असे अनुमान त्यावरून निघत नाही. ‘सामर्थ्य’ या एकाच शब्दाखाली मिश्रणाचे, गाभ्याचे आणि संपूर्ण वास्तूचे असे तीन वेगळे अर्थ नांदत आले आहेत. त्यांची गल्लत टाळणे, हीच या परीक्षेच्या इतिहासाची मुख्य शिकवण आहे.