व्हीसीआरची फूटपट्टी

गेल्या वर्षी ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंनी आमच्याकडे एक व्हीएचएस कॅसेट आणून दिली. शाळेच्या १९९२ सालच्या स्नेहसंमेलनाची ती एकमेव प्रत. आमच्या व्हीसीआरवर लावली, तर पडद्याचा वरचा भाग पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. मुलांचे पाय दिसत, चेहरे नाहीत. फीत खराब झाली असा निष्कर्ष आम्ही काढला, आणि तो चुकला. का चुकला, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१४ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत शिकागो येथे अँपेक्स कंपनीने आपला व्हिडिओ रेकॉर्डर लोकांपुढे मांडला. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या गटाने तो बनवला होता. पुढे ध्वनिमुद्रणात नाव मिळवलेले रे डॉल्बी याच गटातले. चित्राच्या संकेतात सेकंदाला लाखो कंपने असतात. ती टिपायची तर फीत हेडसमोरून फार वेगाने जायला हवी. या मंडळींनी फीत पळवण्याऐवजी हेडच फिरवले. दोन इंच रुंद फीत सेकंदाला १५ इंच सरके आणि चार हेड्सचे चाक मिनिटाला १४,४०० फेरे घेत तिच्यावर आडव्या रेघा ओढी. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने बातम्यांसाठी हे यंत्र वापरले. पण सुरुवातीला एका हेडसंचाने मुद्रित केलेली फीत दुसऱ्यावर नीट चालत नसे. फितीबरोबर तिचा हेडसंचही जपावा लागे!

घरगुती व्हीसीआरमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक झाला. १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस आणले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्याचा ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो. अर्धा इंच रुंद फीत त्याला तिरकी वेढलेली असते. अर्ध्या फेऱ्यात एक हेड एक रेघ लिहिते. तिची लांबी ड्रमच्या अर्ध्या परिघाएवढी, म्हणजे जवळजवळ १० सेंटिमीटर. रुंदी मात्र ४९ मायक्रॉन, केसाहूनही बारीक. वाचताना हेडने या रेघेवरून घसरता कामा नये. फीत ड्रमवर किती उंचीवर येते, हे दोन्ही बाजूंच्या गाइड नावाच्या खुंट्या ठरवतात. खुंटी स्क्रूच्या थोड्याशा वळशानेही वरखाली होते.

समजा, एका व्हीसीआरची खुंटी हलली आहे. तो वाकडी रेघ लिहील. पण वाचतानाही त्याचे हेड त्याच वाकड्या वाटेने जाईल आणि चित्र स्वच्छ दिसेल. ज्याचे अक्षर त्यालाच लागते, तसे हे. म्हणून दोन व्हीसीआरची तुलना ज्याच्या त्याच्या फितीवर करून काहीच कळत नाही. चित्र ठळक दिसते म्हणून यंत्र चांगले, असेही नाही. काही व्हीसीआरमधील परिपथ आकृतीच्या कडा गडद करतात, त्याने तपशील वाढत नाही. व्हीएचएसची मर्यादा आडव्या दिशेत सुमारे २४० रेघांची. कडा रंगवून ती ओलांडता येत नाही.

यासाठी दुरुस्ती करणारे कारागीर अलाइनमेंट टेप वापरत. अतिशय काटेकोर जुळवलेल्या यंत्रावर कंपनीने मुद्रित केलेली ही प्रमाण फीत. ती लावायची, हेडकडून येणारा संकेत ऑसिलोस्कोपवर पाहायचा आणि त्याची पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जाडीची होईपर्यंत खुंट्या फिरवायच्या. पट्टी सुरुवातीला निमुळती असेल तर चित्राच्या वरच्या भागात ठिपके येतात, शेवटी निमुळती असेल तर खालच्या.

मात्र ही फूटपट्टी प्रत्येक मोजणीत थोडी झिजते. किलोग्रॅमचा पॅरिसजवळचा ठोकळा २०१९ साली निवृत्त झाला, त्याच्या जागी प्लांकचा स्थिरांक आला. व्हीएचएसच्या मदतीला असा कोणी येणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले. आज हाती लागणाऱ्या प्रमाण फिती बहुधा वापरलेल्याच असतात.

पुन्हा बाईंच्या कॅसेटकडे. ती ज्या व्हीसीआरवर भरली होती, तो त्यांच्या घरी माळ्यावर होता. पट्टे बदलून, हेड पुसून त्यावर कॅसेट लावली, तर चेहरे दिसू लागले. मग आमची प्रमाण फीत त्याच व्हीसीआरवर लावली, तेव्हा ऑसिलोस्कोपवरची पट्टी सुरुवातीलाच निमुळती. म्हणजे बिघाड यंत्रात होता, आणि १९९२ साली तो तसाच्या तसा फितीवर उतरला होता. सवयीने हात स्क्रूकडे गेला, पण आम्ही तो आवरला. आधी कॅसेटची प्रत संगणकावर उतरवून घेतली. बाईंकडे त्या काळातल्या आणखी अकरा कॅसेट आहेत, म्हणून खुंटी अजून तशीच वाकडी ठेवली आहे.