घरोघरचे लाटणे आणि आपला समाज

समाजाच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या थोर कृतींचे वर्णन यावे, हा रिवाज जुना आहे व तो योग्यच आहे. देवळांचे सभामंडप, वाड्यांचे नक्षीदार खांब, देवांचे रथ व पालख्या यांविषयी समाजातील जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु रथ वर्षातून एकदा निघतो; लाटणे मात्र रोज दोन्ही वेळा हाती घ्यावे लागते. अशा या वस्तूच्या इतिहासाकडे सुतार समाजाचे लक्ष वेधावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पोळपाट-लाटणे ही जोडी आपल्या स्वयंपाकघरात इतकी रुळली आहे की ती अनादि काळापासून प्रत्येक घरी असावी, असा सहज समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांचे रोजचे अन्न भाकरी हे होते. देशावर ज्वारी-बाजरी, कोकणात तांदूळ व नाचणी, असा धान्यात भेद असला तरी भाकरी सर्वत्र हातानेच थापली जाई. तिला लाटण्याची गरज नाही; तिला काठवट लागे. एकाच लाकडात कोरलेली काठवट, जातीचा खुंटा, उखळाचे मुसळ आणि बसावयाचे पाट ही गावच्या सुताराने घरास पुरविलेली जुनी सामग्री होय. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, त्यात सुताराचे स्थान शेतकऱ्याच्या औताशी बांधलेले दिसते. नांगर, कुळव, पाभर नीट चालली पाहिजे व सुगीला खळ्यावर सुतारास त्याचे बलुते मिळाले पाहिजे, हा तो व्यवहार होता.

गव्हाची पोळी महाराष्ट्रास अपरिचित होती, असे मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मंडक व पोलिका ही नावे आढळतात. मुक्ताबाईंनी ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा तर घरोघरी सांगितली जाते. परंतु मांड्याचा खरा विस्तार हातावरच होतो व तो पालथ्या खापरावर भाजला जातो. पुरणपोळीस लाटणे हवे. पण पुरणपोळी हे सणाचे पक्वान्न. सामान्य कुणब्याच्या घरी होळीला वा पोळ्याला जे लाटणे खाली निघे, ते सण सरल्यावर पुन्हा फळीवर जाई.

लाटणे रोजच्या वापरात आले ते मुख्यतः विसाव्या शतकात. 1943 साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि धान्य आवडीपेक्षा शिधापत्रिकेच्या हिशेबाने घरात येऊ लागले. 1956 साली अमेरिकेशी पी. एल. 480 या कायद्याखाली करार झाला व तिकडील गहू रेशनच्या दुकानांत आला. पुढे 1966 साली मेक्सिकोहून बुटक्या जातीच्या गव्हाचे सुमारे 18,000 टन बियाणे आणण्यात आले आणि देशातच गव्हाचे उत्पादन झपाट्याने वाढले. शहरात व शहराच्या वाटेवरील गावांत भाकरीची जागा पोळीने घेतली. काठवटीची जागा परातीने घेतली, आणि लाटण्याला मात्र विश्रांती उरली नाही. इतिहासकार या घटनेला हरितक्रांती म्हणतात. आमच्या दृष्टीने तिची खूण स्वयंपाकघरातील एका फूट-दीड फूट लाकडात उमटली आहे.

लाटणे रोज हाती आले, तशी त्यातून नवी शक्तीही प्रकट झाली. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा उद्योग आरंभिला. तोच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' म्हणून देशभर वाढला. 1972 साली दुष्काळ व महागाई यांनी कहर केला, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृती नेत्यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. हजारो गृहिणी हाती लाटणे घेऊन, थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. 'लाटणे मोर्चा' हे नाव मराठी राजकारणाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या बायकांच्या संसाराचा आधार म्हणजे चूल आणि लाटणेच होते. आपल्या भाषेत दुसऱ्याचे धन बळकावणे यालाही 'लाटणे' म्हणतात. गरिबांच्या ताटातले लाटणाऱ्यांना गरिबांच्या लाटण्यानेच जाब विचारावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

त्या मोर्चांतील लाटणी कोणी घडविली होती, याची कोठेच नोंद नाही. ती आपल्या समाजाने व कातारी बंधूंनी घडविली. वीज येण्यापूर्वी कातकामाची रीत अशी असे. लाकडाचा तुकडा दोन खिळ्यांच्या टोकांमध्ये आडवा धरावयाचा, त्यास दोरीचा वेढा द्यावयाचा, आणि एकाने ती दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंस ओढावयाची. लाकूड कारागिराच्या दिशेने फिरे तेवढ्या क्षणीच हत्यार लागे. उलट फिरताना ते किंचित मागे घ्यावे लागे. ही दोरी ओढणारे माणूस पुष्कळदा घरचेच असे : धाकटा भाऊ, मुलगा अथवा घरधनीण. दोरी ओढून तिचे दंड भरून येत, पण मजुरीच्या हिशेबात तिचे नाव नसे. सारांश, लाटणे घडविताना एका स्त्रीचे श्रम बेहिशेबी राहिले आणि वापरताना दुसरीचे. आपल्या समाजाने दुसऱ्या कोणाकडे न्याय मागण्याआधी या पहिल्या स्त्रीचे ऋण मान्य केले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता लाटण्याची पारख. जुनी माणसे प्रथम लाकूड पाहत. शिसव घट्ट, जड व गुळगुळीत म्हणून सर्वांत उत्तम. देशावर बाभूळ ही गरिबाची शिसव; ती कणखर असते. सागवान टिकाऊ खरे, परंतु वजनाला शिसवीहून हलके. आंब्याचे लाकूड स्वस्त, पण मऊ, आणि त्यास कीड लवकर लागते. लाकूड कोणतेही असो, ते चांगले सुकलेले हवे. ओले लाकूड सुकताना लांबीला फारसे आटत नाही, आडवे मात्र आटते. त्यामुळे कच्च्या लाकडाचे लाटणे कालांतराने वाकते किंवा चपटे होते. खोडाचा मधला गाभारा लाटण्यात आलेला नसावा, कारण तेथूनच चीर पडते. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात व गाठ नसावी. सपाट फरशीवर लाटणे घरंगळवून पाहावे. ते डगमगले अथवा खालून उजेड ठिकठिकाणी कमीजास्त दिसला तर घेऊ नये. पोळीचे लाटणे मध्ये किंचित भरीव व टोकांकडे निमुळते असते. त्यामुळे दाब एका कडेस देता येतो आणि पोळी आपोआप फिरते. पापडाचे लाटणे बारीक व अंगावर खाचा असलेले असते.

निगा राखणे त्याहून सोपे आहे. लाटणे पाण्यात भिजत टाकू नये. ओल्या फडक्याने पुसावे, लागलीच कोरडे करावे, सावलीत उभे ठेवावे. कडक उन्हात ठेविल्यास ते तडकते. महिन्या-दोन महिन्यांनी खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा व जादा तेल पुसून टाकावे. इतर खाण्याची तेले पुष्कळदा चिकट होऊन खवट वास देतात. खरखरीत झाल्यास बारीक काचकागद रेषेच्या दिशेने चालवावा. रंग किंवा चकचकीत लेप चढविलेले लाटणे टाळावे. लेपाचे कपटे पिठात उतरतात. एवढी काळजी घेतल्यास सासूचे लाटणे सुनेच्या व सुनेचे नातीच्या हाती जाते.

ही माहिती पूर्वी कोणास लिहून द्यावी लागत नसे. ती बापाच्या शेजारी बसून मुलास मिळे. आज पोलादी व प्लास्टिकची लाटणी बाजारात आहेत, आणि लाकडी म्हणून मिळते तेही पुष्कळदा कोणते लाकूड आहे हे दुकानदारास सांगता येत नाही. आपली मुले शिकून निरनिराळ्या व्यवसायांत गेली, याचा आम्हांस आनंदच आहे. मुलाने पटाशी धरलीच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश झाला, हेही स्वागतार्ह आहे. परंतु योजनेतून हत्यारे मिळू शकतील. लाकडाची पारख मिळणार नाही. ती ज्या वृद्धांच्या बोटांत आहे त्यांच्याबरोबरच ती जाईल.

म्हणून समाजबांधव व भगिनींस आमची एक विनंती आहे. येत्या माघ शुद्ध त्रयोदशीस, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, प्रत्येक घराने एक वही घ्यावी. घरातील जाणत्या माणसास विचारून हत्यारांची नावे, लाकडांचे गुण, मापे व कामाच्या रीती तीत उतरवून घ्याव्यात. आणि दोरी कोण ओढीत असे, हेही त्या माउलीच्या नावानिशी लिहावे. रथ घडविणाऱ्यांची नावे क्वचित शिलालेखांत सापडतात. लाटणे घडविणाऱ्यांसाठी शिलालेख कोणी कोरणार नाही. त्यांच्यासाठी ही वहीच पुरेशी आहे.