‘२५ वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस म्हणजे काय?

वणा किंवा यशोदेच्या काठी शेत असेल, तर जुलै २०२२ चा पूर आठवत असेल. आता २५ वर्षे निश्चिंत, असे मात्र समजू नका. २५ वर्षांचा पाऊस म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. १० वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के, म्हणजे तीनात एक!

आपल्या मंडळाच्या २४ वर्षांच्या नोंदी घ्या. प्रत्येक वर्षाचा एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस उतरत्या क्रमाने लिहा. पहिला आकडा ढोबळमानाने २५ वर्षांचा, तिसरा ८ वर्षांचा. अभियंते याच आकड्यांवर गंबेल पद्धत वापरतात. सोयाबीन-कपाशीतील चर तिसऱ्या आकड्यावर आखा. मोटारपंप आणि स्टार्टर मात्र पहिल्या आकड्याच्या पुराहून उंच ठेवा.