दरेकसाचा खडक आणि बोरीची राख

गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणारी आगगाडी सालेकसा मागें टाकून दरेकसाच्या बोगद्याशीं आली म्हणजे दोहों बाजूंस दाट अरण्य व डोंगर दिसूं लागतात. महाराष्ट्र म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड, ही आम्हां पश्चिमेकडील मंडळींची समजूत येथें लटकी पडते. या भागांतील खडकास भूशास्त्रज्ञ ‘बिजली रायोलाइट’ म्हणतात. त्याचें वय सुमारें 250 कोटी वर्षें, म्हणजे सह्याद्रीच्या कातळाच्या जवळजवळ चाळीस पट आहे.

दोघेही अग्नीचीच संतति. पण स्वभाव भिन्न. सह्याद्रीचा शिलारस पातळ होता. भेगांतून निघून तो थरावर थर पसरत गेला. रायोलाइटाचा रस घट्ट व चिकट असतो. त्यांत कोंडलेल्या वायूंस वाट मिळाली नाहीं कीं ते भूपृष्ठ फोडून बाहेर पडतात आणि रसाची राख होऊन ती आकाशांत उधळते. गोंदियाचे ते ज्वालामुखी केव्हांच शांत झाले व झिजून गेले. त्यांचें भय धरण्याचें कारण नाहीं. परंतु याच जातीच्या रसाचा एक उद्रेक मानवाच्या हयातींत झाला, आणि त्याची राख महाराष्ट्रांत आजही हातीं लागते.

जुन्नर तालुक्यांत कुकडीकांठीं बोरी गांवाजवळ नदीच्या गाळांत राखेचा एक थर आहे. त्याच्या वयाविषयीं विद्वानांत बराच वाद झाला. तो अनेक लक्ष वर्षांचा असावा, असेंही एका पक्षानें मांडलें. राखेंतील कांचकणांच्या रासायनिक घटनेवरून मात्र ती सुमात्रांतील टोबा ज्वालामुखीच्या सुमारें 74,000 वर्षांपूर्वींच्या उद्रेकाची असावी, हें मत आम्हांस अधिक ग्राह्य वाटतें. म्हणजे ती 3,000 किलोमीटरांहून अधिक दूर आली! त्या उद्रेकांत दोन हजारांहून अधिक घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला, आणि भूमि खचून जो खड्डा झाला त्यांत आज सुमारें 100 किलोमीटर लांबीचें सरोवर आहे.

या प्रलयानें मनुष्यजात नामशेष होण्याच्या बेतास आली होती, असें स्टॅन्ली अँब्रोज यांनीं 1998 सालीं प्रतिपादिलें. कल्पना चित्तवेधक खरी. पण आंध्रांतील ज्वालापुरम येथें याच राखेच्या खालीं व वर दगडी हत्यारें सांपडलीं, आणि त्यांच्या घडणींत विशेष खंड पडलेला नाहीं, असें मायकेल पेट्राग्लिया, रवि कोरीसेट्टर प्रभृतींनीं 2007 सालीं दाखविलें. माणसें टिकलीं. मात्र तीं शिकार व कंदमुळें यांवर जगणारीं होतीं; एका रानांत अन्न सरलें तर दुसरें रान गांठीत. शेतकऱ्यास ही सोय नाहीं.

राखेपेक्षां गंधकाचें भय मोठें, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं. उद्रेकाबरोबर वर चढलेला गंधकवायु उंच वातावरणांत अम्लाचे सूक्ष्म थेंब होऊन राहतो व सूर्याचें तेज अडवितो. 1815 सालीं तांबोरा फुटला आणि पुढील वर्षीं युरोपांत व अमेरिकेच्या ईशान्य भागांत उन्हाळाच आला नाहीं. 1991 सालच्या पिनातुबोनें पृथ्वीचें सरासरी तपमान अर्ध्या अंशाच्या सुमारास उतरविलें. हे दोन्ही टोबापुढें लहानच. जमीन समुद्रापेक्षां लौकर थंडावते. त्यामुळें दोहोंच्या उष्णतेंतील जें अंतर नैऋत्य मोसमी वाऱ्यास ओढून आणतें, तेंच कमी होतें.

आणि गोंदिया तर भाताचा मुलूख. येथील कोहळी समाजानें शेंकडों वर्षांपूर्वीं ओढे अडवून तलाव बांधले, नवेगांवबांध त्यांतलाच. पावसानें मध्येंच पाठ फिरविली तर उभें पीक वांचवावें, हा त्यांचा हिशेब, आणि तो आजवर पुष्कळदां खरा ठरला आहे. टोबाच्या श्रेणींतला, पण त्याहून लहान असा शेवटचा उद्रेक न्यूझीलंडांत तौपो येथें सुमारें 26,000 वर्षांपूर्वीं झाला. तेव्हां तसा प्रसंग आमच्या नातवंडांवर येईलच असें नाहीं. पण आला, आणि दोन-तीन वर्षें लागोपाठ मृगापासून हस्तापर्यंत आभाळ कोरडेंच राहिलें, तर नवेगांवच्या पाळीमागें अडवायला पाणीच असणार नाहीं.